तहाने मिळणारे अभय

बृहदारण्यकोपनिषदाच्या पहिल्या अध्यायात सृष्टीच्या आरंभाची जी कथा आली आहे, तिच्यात भयाचा जन्म मोठ्या विलक्षण रीतीने सांगितला आहे. आदिपुरुष एकटाच होता, आणि एकटा असूनही तो भ्याला. मग त्याने विचार केला की ज्या अर्थी माझ्यावाचून अन्य कोणी नाहीच, त्या अर्थी मी भ्यावे तरी कोणाला, आणि हा विचार पुरा होताच त्याचे भय निमाले. भय उपजावयास दुसरा लागतो, हा या कथेचा अभिप्राय अद्वैतमताच्या आचार्यांनी शतकानुशतके विवरला आहे. परंतु त्याच ठिकाणी, लगेच पुढे, उपनिषत्कार असेही सांगतो की त्या एकट्याला करमेना आणि त्याने दुसऱ्याची इच्छा केली. प्रवचनकार पहिल्या अर्ध्या भागावर तासन् तास बोलतात आणि हा दुसरा भाग ओझरता सांगून पुढे जातात, हे मला नेहमी खटकत आले आहे.

कारण या दोन विधानांच्या मधल्या जागेतच मनुष्यजातीचे सारे राजकारण घडले आहे. दुसऱ्यावाचून आपला निभाव लागत नाही आणि दुसऱ्याचे भय वाटल्यावाचून राहत नाही. तेव्हा दुसऱ्याचा नाश न करता, त्याला अंकितही न करता, त्याच्या शेजारी निर्भयपणे राहता येते काय, हा खरा प्रश्न आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना अभयाला पहिले स्थान दिले आहे. ते अभय शस्त्रसंचयाने मिळते, की बलाढ्याशी तह केल्याने मिळते, की या दोहोंनी ते उलट दूर जाते, याचा निर्णय केवळ सेनापतींवर आणि मुत्सद्द्यांवर सोपविण्यासारखा नाही. ही धर्मजिज्ञासा आहे. १९४५ नंतर साऱ्या जगाला ती नव्याने भेडसावू लागली. पण बीडच्या परिसरातल्या मातीत तिचा एक कडवट धडा त्याच्या दीडशे वर्षे आधीच गिरविला गेला होता.

मराठीतून अद्वैताचे विवरण करणाऱ्या आद्य ग्रंथकारांपैकी मुकुंदराजांची समाधी परंपरेने अंबाजोगाईच्या परिसरात मानली आहे, आणि त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११० असा सांगतात. दुसरेपणाचा भास मावळला म्हणजे भय मावळते, हे तत्त्व ज्या नगरीत मराठी माणसाच्या कानी त्याच्याच भाषेत पडले, त्याच नगरीला निजामी अमदानीत मोमिनाबाद हे नाव मिळाले आणि हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेची छावणी तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नांदली. समाधी आणि छावणी एका गावात असणे यात नवल करण्याजोगे काही नाही. छावणी तेथे कशी आली, ही हकिकत मात्र लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे.

बीड जिल्ह्याच्या सरहद्दीजवळ, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. १७९५ च्या मार्च महिन्यात तेथे मराठ्यांनी हैदराबादच्या निजामअलीचा पराभव केला. निजामाचा इंग्रजांशी जुना स्नेहाचा तह होता. परंतु गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने मराठ्यांशी बिघाड होऊ नये म्हणून तटस्थ राहणे पसंत केले, आणि खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेलेला निजाम मुलूख, खंडणी आणि खुद्द आपला दिवाण मराठ्यांच्या हवाली करून कसाबसा सुटला. त्या दिवशी त्याच्या मनात जे भय शिरले ते पुढे दीडशे वर्षे त्याच्या घराण्यातून गेले नाही. आरंभी त्याने फ्रेंच सरदार रेमाँ याची कवायती पलटणे वाढविली. फ्रेंचांचे नाव ऐकताच इंग्रजांना धास्ती पडली, आणि शोअरनंतर आलेल्या गव्हर्नर जनरल वेलस्लीने निजामाचे भय व आपले भय एकाच करारनाम्यात बांधून टाकले. १ सप्टेंबर १७९८ च्या त्या तहान्वये सालीना सुमारे २४ लाख रुपयांच्या मोबदल्यात ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज हैदराबादेत आली आणि फ्रेंच पलटणांची हत्यारे उतरविण्यात आली. दोन वर्षांनी, १८०० मध्ये, याच फौजेच्या खर्चापोटी निजामाने म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला मुलूख कंपनीला तोडून दिला, आणि कंपनीच्या मसलतीवाचून परराज्याशी बोलणे लावणार नाही असे लिहूनही दिले.

आता या व्यवहाराचा तात्त्विक अर्थ पाहावा. निजामाने अभय विकत घेतले आणि किंमत म्हणून पैसा व मुलूख दिला, असे वरवर दिसते. पण त्याने दिलेली सर्वांत मोठी वस्तू खजिन्यातली नव्हती. आपला शत्रू कोण आणि मित्र कोण हे ठरविण्याचा अधिकार त्याने दिला. जो हा अधिकार देतो त्याच्याजवळ भय मात्र शिल्लक राहते, किंबहुना ते दुपटीने वाढते; कारण पूर्वी त्याला शत्रूचे भय होते, आता त्यात रक्षणकर्त्याच्या रोषाचीही भर पडते. तैनाती फौजेखेरीज निजामाच्याच खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकुमतीखाली दुसरी एक फौज उभी राहिली. तिलाच पुढे कंटिंजंट म्हटले गेले. मराठेशाही १८१८ मध्ये संपली. ज्या शत्रूच्या भयाने हा सारा डोलारा उभारला होता तो शत्रू नाहीसा झाला, मात्र फौज कमी झाली नाही. तिच्यासाठी नवे काम निघाले. १८१९ मध्ये नोव्ह्याच्या गढीत हटकर नाईकांचे बंड मोडले गेले ते याच कवायती फौजेकडून. परचक्राविरुद्ध ठेवलेली तलवार आपल्याच रयतेवर चालू लागली, तिचा पगार त्याच रयतेच्या महसुलातून जाऊ लागला, पगार थकला, कर्ज वाढले, आणि १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लावून घेतले. धाराशिव व रायचूर पुढे परत मिळाले. वऱ्हाड १९०२ मध्ये वार्षिक २५ लाखांवर कायमचे गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतरचे जग पाहताना मला मोमिनाबादच्या त्या छावणीची आठवण पुन्हा पुन्हा होते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी जळाली, २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएट रशियाने आपल्या पहिल्या अणुस्फोटाची चाचणी घेतली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये उत्तर अटलांटिक करार झाला होता. त्याला उत्तर म्हणून १९५५ च्या मे महिन्यात वॉर्साचा तह आला. एकावर झालेला हल्ला तो सर्वांवर झालेला हल्ला, अशी प्रतिज्ञा दोन्हीकडे होती. ती ऐकताना मोठी उदात्त वाटते. पण वॉर्सा तहाच्या फौजांनी मिळून जी मोठी स्वारी केली ती १९६८ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियावर, म्हणजे तहाच्याच एका सभासदावर. नोव्ह्याची गढी आणि प्राग यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे व हजारो कोसांचे अंतर आहे, परंतु विकत घेतलेल्या अभयाची जात एकच आहे.

शस्त्रस्पर्धेच्या बाबतीत अद्वैताचा एक जुना दृष्टांत मला फार उपयोगी वाटतो, आणि एका जागी तो अपुराही पडतो. ती अपुरी जागाच अधिक शिकविणारी आहे. अंधारात पडलेली दोरी सापासारखी दिसते, माणूस घाबरतो, दिवा आणला की साप नाहीसा होतो, हा तो रज्जुसर्पाचा दृष्टांत. १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेमध्ये असा गिल्ला झाला की क्षेपणास्त्रांच्या संख्येत रशिया आपल्या फार पुढे निघून गेला आहे. पुढच्याच वर्षी उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे तपासली, तेव्हा रशियाजवळ खंडांतर पार करणारी क्षेपणास्त्रे बोटांवर मोजण्याइतकीच असल्याचे आढळले. मागे होता तो रशिया. दिवा आला होता आणि दोरी दिसली होती. तरीही अमेरिकेची क्षेपणास्त्रे वाढतच गेली, त्यांच्या भयाने रशियाने १९६२ मध्ये आपली अस्त्रे क्यूबात नेऊन ठेवली, आणि ऑक्टोबरातल्या त्या तेरा दिवसांत पृथ्वी जळण्याच्या काठावर उभी राहिली. तेथून माघार घ्यावी लागलेल्या रशियाने पुढच्या दशकात खरोखरीच बरोबरी गाठली. वेदान्तातला साप दिव्याने जातो. राजकारणात दोरीवर उगारलेल्या काठीने खराखुरा साप निर्माण होतो, आणि मग ज्याने काठी उगारली तोच म्हणतो की पाहा, माझे भय खरे होते. १९८६ पर्यंत जगातील अण्वस्त्रांची संख्या सुमारे ७० हजारांवर गेली ती या क्रमाने. तेथे कोणी मूर्ख होता असे नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक पक्षाने आपल्यापुरता सावधपणाच केला होता.

मग शस्त्रच टाकून द्यावे काय? आपल्या धर्मपरंपरेने हे उत्तर इतक्या सरळपणे दिलेले नाही. देवीच्या मूर्तींमध्ये एक हात अभय देणारा असतो आणि उरलेल्या हातांत आयुधे असतात. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा मोठा उत्सव मार्गशीर्षात होतो. देवीच्या उपासकांत सप्तशतीचा पाठ रूढ आहे, आणि त्यातली महिषासुराच्या वेळची कथा सर्वांना ठाऊक असते. पराभूत देवांचे तेज एकत्र झाले, त्यातून देवी प्रकटली, आणि शंकराने शूलातून शूल, विष्णूने चक्रातून चक्र काढून तिच्या हाती दिले. बलाढ्य शत्रूच्या भयाने अनेकांनी आपले बळ एकत्र करणे, एवढ्यापुरती ही कथा लष्करी तहासारखीच आहे. भेद असा की आपण दिलेले आयुध केवळ आपल्याच वैऱ्यावर चालावे अशी अट कोणत्याही देवाने घातली नाही. दिले ते सर्वांच्या रक्षणासाठी दिले, आणि ज्या शक्तीला दिले ती त्यांच्यापैकी कोणाचीही अंकित नव्हती.

आधुनिक जगाने अशी शक्ती निर्माण करण्याचा एक संकल्प केला होता, हे आज बहुतेक विसरले गेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४३ व्या कलमात असे ठरले होते की सभासद राष्ट्रांनी आपल्या सैन्याचा काही भाग सुरक्षा समितीच्या स्वाधीन करण्याचे करार करावेत. वाटाघाटी झाल्या, पण कोणी किती आणि कोणत्या प्रकारचे बळ द्यावे यावर दोन महासत्तांचे जमेना, आणि थोड्याच काळात ते कलम कागदावर निजले. जागे राहिले ते ५१ वे कलम, आत्मसंरक्षणाचे. त्याच्याच आधाराने अटलांटिकचा करार उभा राहिला. माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे सर्वांत मोठे धार्मिक अपयश आहे, जरी त्याची नोंद धर्माच्या इतिहासात कोणी करणार नाही.

आपल्या देशाने या दोन छावण्यांपैकी कोणत्याही एकीत जाण्याचे नाकारले, ते बांडुंग आणि बेलग्रेडच्या परिषदांतील भाषणांमुळे अधिक गाजले. पण त्या नकाराचे बीज तैनाती फौजेच्या आठवणीत होते असे मला वाटते. ज्या देशाने निजाम, बाजीराव, गायकवाड, अयोध्येचा नबाब यांना एकामागून एक अभय विकत घेताना पाहिले होते, त्याला तो सौदा नव्या कागदावर ओळखता आला. पाकिस्तानने निराळा मार्ग पत्करला. १९५४ मध्ये अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार केला, त्याच वर्षी मनिला येथे सीटो या लष्करी करारात आणि पुढच्या वर्षी बगदाद करारात तो सामील झाला. साम्यवादाच्या निवारणासाठी म्हणून मिळालेले पॅटन रणगाडे १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातील आसल उत्तरच्या ओल्या शेतांत रुतले आणि निकामी झाले. सीटो १९७७ मध्ये आणि बगदाद करारातून निघालेला सेंटो १९७९ मध्ये विसर्जित झाला.

परंतु आपली अलिप्तता म्हणजे अभय होते, असा दावा प्रामाणिकपणे करता येणार नाही. क्यूबाच्याच त्या ऑक्टोबर महिन्यात चीनने हिमालय ओलांडला, आणि महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. १९६४ या एकाच वर्षात त्यांना शस्त्रांसाठी वॉशिंग्टनला जावे लागले आणि मॉस्कोलाही. अमेरिकेने हवी ती विमाने दिली नाहीत. रशियाने मिग दिले, आणि त्यांचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएट रशियाशी मैत्रीचा करार झाला, आणि डिसेंबरातल्या बांगलादेश युद्धात अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आले तेव्हा त्या कराराचे महत्त्व साऱ्यांना कळले. १८ मे १९७४ ला पोखरणचा पहिला अणुस्फोट झाला. हे सारे टाळता आले असते असे मी म्हणत नाही. राज्यकर्त्याला रयतेचे रक्षण केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो त्याचा धर्मच आहे. फक्त रक्षण निराळे आणि अभय निराळे, हा विवेक सुटू नये. रक्षण परचक्र थोपविते. भय थोपविणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

हा भेद मला जितका स्पष्ट स्वामी रामानंद तीर्थांच्या आयुष्यात दिसतो तितका ग्रंथांतही दिसत नाही. संन्यास घेताना सर्व भूतमात्रांना अभय देण्याची प्रतिज्ञा करावी लागते. ती प्रतिज्ञा केलेला हा पुरुष अंबाजोगाईला शिक्षक म्हणून राहिला, योगेश्वरीच्या नावाच्या शाळेतून त्याने मुले घडविली, आणि तोच पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसचा नेता झाला. १९४७ च्या नोव्हेंबरात निजामाने हिंदुस्थान सरकारशी जैसे थे करार केला खरा, पण एकीकडे कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रे आणविली जात होती आणि दुसरीकडे लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी मराठवाड्याची गावे लुटीने आणि खुनांनी हवालदिल करून सोडली होती. दीडशे वर्षे दुसऱ्याच्या फौजेच्या भरवशावर राहिलेल्या या घराण्याला तो रक्षणकर्ता निघून जाताच आपल्या प्रजेवर विश्वास टाकणे सुचले नाही. शस्त्रे सुचली, आणि अखेरीस सुरक्षा समितीकडे फिर्याद सुचली. स्टेट काँग्रेसच्या लोकांनी सरहद्दीवर कॅम्प घातले आणि तेथून सशस्त्र प्रतिकार झाला. स्वामीजी त्या वेळी तुरुंगात होते. संन्याशाची अभयप्रतिज्ञा आणि त्याच्या अनुयायांच्या हातची बंदूक यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सोपा करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बंदुकीवाचून रझाकार थांबले असते असे म्हणता येत नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाची सत्ता संपली, तेव्हा मराठवाड्याने सोडलेला सुस्कारा खरा होता.

पण त्याच्या पुढचे आठवडे आपण सहसा सांगत नाही. राज्यात मुसलमान रयतेची जी कत्तल आणि लूट झाली तिची चौकशी करण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठविली. किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता. धाराशिव, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांखालोखाल तिने ज्या जिल्ह्यांची नावे घेतली त्यांत बीड आहे. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. रझाकारांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा शेजाऱ्यांच्या दारी ज्या दिवसांत भय पोचले, त्याच दिवसांना आपण मुक्तीचे दिवस म्हणतो. फौजेने रक्षण केले होते. अभय देणे हे तिचे काम नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांच्यातल्या पुष्कळांनी ते केले नाही.

काहींनी मात्र केले, आणि त्याची नोंदही त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना हिंदू जमावांपासून वाचविले, आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. त्या विणकरांजवळ तह नव्हता, फौज नव्हती, बहुधा विवेकसिंधूही त्यांनी वाचला नसेल. एका धंद्यात, एका वस्तीत, वर्षानुवर्षे शेजारी बसून काम करताना जो दुसरा त्यांना हवासा झाला होता, त्याला ते भ्याले नाहीत, आणि त्याला भ्यायला लावणाऱ्या जमावालाही भ्याले नाहीत. उपनिषदातल्या कथेचे दोन्ही भाग ज्यांनी एकदम आचरले अशी माणसे म्हणून मी त्यांच्याकडे पाहतो. महासत्तांच्या करारांत अभयाचा हा प्रकार कुठे बसवावा हे मला सांगता येणार नाही. तरी १९८७ च्या डिसेंबरात मध्यम पल्ल्याची अस्त्रे मोडीत काढण्याचा करार झाला तो एकमेकांच्या तळांवर दुसऱ्याचे तपासनीस येऊ देण्याच्या कलमावर उभा होता, आणि तो करार २०१९ मध्ये बुडाला, या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी बीड, अंबाजोगाई, परळी, केज, माजलगावच्या शाळांतून झेंडा लागतो, रझाकारांच्या जुलुमाची आणि स्वामीजींच्या तुरुंगवासाची हकिकत सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. शिक्षकांना, कीर्तनकारांना आणि त्या काळचे ज्यांच्या घरी कोणी ना कोणी होऊन गेले अशा वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की मुलांना १७ सप्टेंबर सांगताना त्यानंतरचे आठवडेही सांगावेत, बीड जिल्ह्यात कोणाच्या घरांना तेव्हा कुलपे लागली हे सांगावे, आणि त्या विणकरांचेही सांगावे.